प्रकाशरावांचा स्वयंपाक, कोर्टासमोर

सुमनताई चिटणीसांचा उजवा हात मनगटात मोडला, त्यात प्लेट बसली, सहा आठवडे प्लास्टर राहिलं, हे सगळं त्यांनी निमूट सोसलं. पण पोलीस थान्यातून आलेला अपघाताचा कागद वाचत वाचत त्या ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी आल्या आणि तिथं मुन्शीनं, म्हणजे थान्यातल्या कारकुनानं, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं ‘कुछ नहीं’ पाहून त्यांचं डोकं जे फिरलं, ते पुढं दीड वर्ष जागेवर आलं नाही. नंतर जे काय रामायण झालं ते या दोन शब्दांपायी झालं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे कुणी त्यांच्या नवऱ्याला, प्रकाशरावांना, एकट्यालाच दोष देणार नाही. त्यांचा वाटा मोठा आहे, पण तो आपण क्रमानं पाहू.

अपघात म्हणाल तर सांगायलाही लाज वाटावी इतका साधा. सुमनताई उज्जैनच्या टावर चौकातून मेथीच्या दोन जुड्या घेऊन घरी निघाल्या होत्या. टेंट हाऊसची एक लोडिंग गाडी, वर खुर्च्यांची चळत, मागं न पाहता मागं आली. सुमनताई पडल्या त्या हातावर, आणि त्यांच्या अंगावर लग्नातल्या लाल गादीच्या अकरा खुर्च्या पडल्या. ड्रायव्हर मनानं चांगला होता. त्यानं आधी खुर्च्या मोजल्या, पण मग लगेच बाईंना उचललं.

दवाखान्यातून प्रकाशराव थान्यात गेले. मुन्शीनं नाव विचारलं, वय विचारलं, आणि मग विचारलं, माताजी क्या करती हैं. आता लक्ष देऊन ऐका. प्रकाशराव म्हणाले, ‘कुछ नहीं, घर पर रहती हैं.’ मुन्शी कामाचा माणूस, त्यानं त्यातलं निम्मंच लिहून घेतलं. कागद घरी आल्यावर सुमनताई त्या मुन्शीवर जशा भडकल्या ते पाहून प्रकाशरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि मग त्याच उघड्या तोंडानं तेही मुन्शीला शिव्या घालू लागले. एकदा तशी सुरुवात झाल्यावर मागं फिरणं कठीण असतं.

विमा कंपनीचा माणूस घरी आला, सरबत प्याला, आणि दवाखान्याचं बिल तेवढं घेऊन राजीनाम्याच्या, म्हणजे तडजोडीच्या, कागदावर सही करा म्हणाला. सुमनताईंनी विचारलं, माझा हात आता वळत नाही, पोळी लाटता येत नाही, त्याचं काय. तो म्हणाला, ‘आप तो हाउसवाइफ हैं ना, आंटीजी.’ सरबताचा दुसरा ग्लास त्याच्यासाठी भरला होता. सुमनताईंनी तो उचलून आत नेला.

दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला घेऊन वकिलाकडे गेल्या. निहारिका पुराणिक नावाची ही वकील, अपघाताचे दावे चालवण्यात तिचा हातखंडा, कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानावर तिची खोली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि समजावून सांगितलं की गृहिणीच्या कामालाही कायद्यात किंमत आहे, ती कोर्ट देतं, पण पुराव्यावर. हात किती अधू झाला याचा मेडिकल बोर्डाचा दाखला हवा, घरकामासाठी बाहेर जो खर्च करावा लागला त्याची बिलं हवीत, आणि अपघाताआधी बाई घरात काय काय करत होत्या ते डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार हवा.

“पैसे मिळोत न मिळोत,” सुमनताई म्हणाल्या, “मी काय करते ते सरकारी कागदावर आलं पाहिजे. ते ‘कुछ नहीं’ मला पुसून हवं आहे.”

“येईल, काकू,” निहारिका म्हणाली. “काकांची साक्ष घेऊ. तीस-पस्तीस वर्षं रोज पाहून राहिलेत ते.”

इथं प्रकाशरावांच्या कपाळाला घाम आला, आणि त्याचं कारण सांगायला दोन वर्षं मागं जावं लागेल. थोडक्यात आटपतो. चिटणीसांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी पत्रं लिहीत, त्यामुळं लिहिण्याची खोड रक्तातच. प्रकाशराव बँकेतून निवृत्त झाले तेव्हा ती उफाळून आली आणि त्यांनी आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेत एक लेख लिहिला, ‘ओट्यावरची माझी दुसरी पाळी’. निवृत्त नवऱ्यानं स्वयंपाकघर कसं हाती घ्यावं याचं त्यात वर्णन होतं. साबुदाण्याची खिचडी, आमटी, मऊ लुसलुशीत पोळ्या, आणि शेवटी एक वाक्य: ‘सौ.ला मी आता ओट्याजवळ उभंसुद्धा राहू देत नाही.’ लेख इतका गाजला की मंडळानं त्यांना ‘आदर्श गृहस्थ’ म्हणून शाल, श्रीफळ आणि स्टीलचा डबा देऊन गौरवलं. प्रत्यक्षात प्रकाशराव सकाळचा चहा करत. रविवारी पोहेही करत, म्हणजे सुमनताईंनी पोहे भिजवून, कांदा चिरून, फोडणी घालून दिली की ते झाकण ठेवत. लेख वाचून सुमनताई एवढंच म्हणाल्या होत्या की शुद्धलेखन चांगलं आहे.

या लेखाबद्दल प्रकाशरावांनी वकिलाला काही सांगितलं नाही. कोर्टात मराठी कोण वाचतं, असा त्यांचा हिशेब होता.

त्या स्मरणिकेचे संपादक म्हणजे शेजारचे गोपाळकृष्ण पोतनीस. पोतनीसांवर नोकरीत असताना दोन वर्षं खात्याची चौकशी चालली होती, तेव्हापासून ते स्वतःला कायद्याचे जाणकार समजत. ते रोज सकाळी येऊन सल्ला देत. पहिल्या आठवड्यात त्यांनी प्लास्टर काढू नका असं सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात, काढलंत तर पेशीच्या, म्हणजे कोर्टातल्या तारखेच्या, दिवशी परत चढवा म्हणाले. मग वहिनींना व्हीलचेअरवर न्यावं असं त्यांच्या मनानं घेतलं. हात मोडलाय, पाय नाही, हे सुमनताईंनी लक्षात आणून दिल्यावर ते म्हणाले, जज्ज लोकांवर एकूण इम्प्रेशन पडावं लागतं.

मेडिकल बोर्डाचा दाखला काढायला चार फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी हाडांचे डॉक्टर रजेवर होते. दुसऱ्या दिवशी फोटो नामंजूर झाला, कारण चेहरा आणि अधू हात एकाच फोटोत हवा होता. म्हणून फ्रीगंजच्या फोटोवाल्यानं सुमनताईंना हात खांद्याशी धरायला लावला, आणि त्या कुणाला तरी आशीर्वाद देत असल्यासारखा फोटो आला. तिसऱ्या दिवशी बोर्ड पूर्ण बसलं होतं, पण शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते सिंहस्थाच्या बैठकीला गेले होते. चौथ्या दिवशी दाखला मिळाला. अठरा टक्के. सुमनताईंनी तो आकडा वाचला आणि बोर्डाच्या दारातच म्हणाल्या, मग पोळी शंभर टक्के का लाटता येत नाही.

राहता राहिली बिलं. आणि इथं प्रकाशरावांनी जो पराक्रम केला त्याला तोड नाही. सुमनताईंचा हात गेल्यावर चिटणीसांच्या घरी दोन्ही वेळचा टिफिन सुरू झाला. आता आदर्श गृहस्थाच्या दारात टिफिनवाला येतो हे गल्लीनं पाहिलं तर शाल परत करायची वेळ यायची. म्हणून प्रकाशरावांनी टिफिन मागच्या दारानं, बँकेच्या जुन्या कापडी पिशवीतून मागवला. आणि टिफिनवाल्यानं बिलावर कुणाचं नाव लिहू विचारलं तेव्हा घाईघाईत तोंडात आलं ते नाव दिलं, गोपाळकृष्ण पोतनीस. झालं. टिफिनवाला बोलका होता. महिन्याभरात माधव नगरात सगळ्यांना कळलं की पोतनीसांकडे चूल बंद आहे. लोक पोतनीसांना थांबवून हळू आवाजात विचारू लागले, वहिनी बऱ्या आहेत ना, माहेरी तर नाही ना गेल्या. पोतनीस रोज येऊन प्रकाशरावांनाच विचारत, अहो, ही अफवा कोण पसरवून राहिलं असेल. प्रकाशराव म्हणत, जग फार वाईट आहे.

निहारिकानं नऊ महिन्यांची ती बिलं पाहिली आणि कपाळाला हात लावला. दुसऱ्याच्या नावाची बिलं ती कोर्टात काय म्हणून लावणार? “काका, आणखी काही लपवलं नाही ना?” तिनं विचारलं. प्रकाशराव नाही म्हणाले. तिनं त्यांना एक काम दिलं, की अपघाताआधी काकू दिवसभरात काय काय करत होत्या ते तासांप्रमाणे लिहून आणा. लिहिण्याचं काम म्हटल्यावर प्रकाशराव उत्साहानं बसले. ‘सकाळी ६, चहा’ असं लिहिलं. त्यापुढं त्यांना आठवेना. म्हणून सुमनताई सांगू लागल्या, ते लिहू लागले. सकाळच्या अकरापर्यंतच्या कामांतच चार पानं भरली. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, हे सगळं रोजचं? सुमनताई म्हणाल्या, अजून दुपार यायची आहे.

पेशीचा दिवस उजाडला. सुमनताईंची साक्ष आधीच्या तारखेला झाली होती, आज साक्षी क्रमांक दोन, प्रकाशराव. मागच्या बाकावर पोतनीस मंडळाच्या दोन सभासदांना घेऊन धीर द्यायला आले होते. समोर विमा कंपनीचे वकील व्यासजी, साठीचे, गोड आवाजाचे, सगळ्यांना भाई साब म्हणणारे. प्रकाशरावांनी शपथ घेतली आणि व्यासजींच्या फायलीकडे पाहिलं. फायलीतून स्मरणिकेचं कव्हर डोकावत होतं. व्यासजींची सून मराठी होती, रांगोळी स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला होता, आणि तिचं नाव त्याच अंकात छापलेलं होतं. तिनं सासऱ्यांना सगळा अंक वाचून दाखवला होता, लेखासकट. अशा गोष्टी प्रकाशरावांच्याच नशिबी येतात.

व्यासजींनी हिंदी तर्जुमा मोठ्यानं वाचला. मग गोड आवाजात विचारलं, “भाई साब, आपने लिखा है, पत्नी को मैं चौके में खड़ा भी नहीं होने देता. सही लिखा है?”

निहारिकानं वळून प्रकाशरावांकडे पाहिलं. त्या पाहण्याबद्दल न बोललेलं बरं. प्रकाशरावांच्या मनात एकदम दोन कागद उभे राहिले. एकीकडे लेख, दुसरीकडे बायकोच सगळं करत होती असं सांगणारं त्यांचं शपथपत्र. लेख खरा म्हणावं तर सुमनताईंचा दावा पाण्यात. खोटा म्हणावं तर मागं पोतनीस बसलेले. त्यांनी मधला रस्ता काढला आणि साहित्यात थोडी अतिशयोक्ती चालते या विषयावर बोलायला सुरुवात केली. जज्ज मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, हाँ या ना. नेमके तेव्हाच पोतनीस खोकले. आणि प्रकाशरावांच्या तोंडून निघून गेलं, “हाँ.”

टाईप करणाऱ्या बाईंनी ते टाईप केलं. सुमनताईंनी मान खाली घातली आणि डाव्या हातानं उजवं मनगट धरून बसल्या. व्यासजींचं काम फत्ते झालं होतं. त्यांनी तिथंच खाली बसायला हवं होतं. पण जिंकलेल्या वकिलाला आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो, हा त्या धंद्यातला जुना रोग आहे. व्यासजींनी साक्षीदाराचं कौशल्य पक्कं नोंदवून घ्यावं म्हणून विचारलं, खिचडीसाठी साबूदाना किती पाण्यात भिजवता.

“चार ग्लास,” प्रकाशराव म्हणाले.

मॅडमनी लिहिता लिहिता मान वर केली. “कितने साबूदाने में?”

“एक कटोरी.”

“और कितनी देर रखते हैं?”

“उबलने तक.”

टाईप करणाऱ्या बाईंची बोटं थांबली. दारातला शिपाई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. व्यासजींनी सावरायचा प्रयत्न केला, हर घर की अपनी पद्धति होती है, मॅडम. मॅडम म्हणाल्या, ऐसी कोई पद्धति नहीं है. मग त्यांनी प्रकाशरावांना सांगितलं, आप शपथ पर हैं, एक बार फिर सोचकर बताइए.

प्रकाशरावांनी सुमनताईंकडे पाहिलं. त्या त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. त्यांच्या खांद्यावरची पिन सुटली होती आणि उजवा हात वळत नसल्यामुळं त्या डाव्या हातानं ती लावायची धडपड करत होत्या, आणि ती लागत नव्हती. हे प्रकाशराव दीड वर्ष रोज पाहत होते. आज ते त्यांना दिसलं. मागं पोतनीस आहेत की आणखी कोण, हे ते विसरले.

“मॅडम, लेख झूठा है,” ते म्हणाले. “मैं चाय बनाता हूँ. उसमें अदरक भी ये कूटकर देती थी. हाथ टूटा तब से बिना अदरक की पी रहा हूँ, और मुझे कई दिन समझा ही नहीं कि चाय में कम क्या है.”

आणि मग एकदा बांध फुटल्यावर सगळंच बाहेर आलं. चार पानं अकरा वाजेपर्यंत भरली ते त्यांनी सांगितलं. टिफिन मागच्या दारानं यायचा तेही सांगितलं, आणि बिलं पोतनीसांच्या नावानं का फाडली तेही. मागच्या बाकावरून “अरे!” असा आवाज आला आणि पोतनीस उभे राहिले. शिपायानं त्यांना बसवलं. नऊ महिन्यांच्या अफवेचा उगम असा भर कोर्टात सापडल्यावर त्यांना बसणं जड गेलं असणार. प्रकाशराव मात्र थांबायला तयार नव्हते. “थाने में मुन्शी का कोई दोष नहीं है,” ते म्हणाले. “वो ‘कुछ नहीं’ मैंने लिखवाया था.”

आता मात्र सुमनताईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

मॅडम शांतपणे बोलत होत्या आणि बाई टाईप करत होत्या. साक्षी ने स्वतः कहा कि लेख असत्य है. साक्षी ने स्वतः कहा कि उसे केवल चाय बनाना आता है. साक्षी ने स्वतः कहा कि व्यवसाय के कॉलम में ‘कुछ नहीं’ उसी ने लिखवाया. प्रत्येक पानाखाली प्रकाशरावांनी सही केली. चिटणीसांच्या घराण्यात इतक्या खऱ्या मजकुराची कागदपत्रं किती असतील कोण जाणे.

येताना दोघं ई-रिक्षात बसले. प्रकाशराव खाली बघत बसले होते. टावर चौक ओलांडल्यावर सुमनताई म्हणाल्या, “त्या मुन्शीला मी दीड वर्ष शिव्या घातल्या. सोमवारी त्याला बेसनाचे लाडू नेऊन द्या.”

प्रकाशराव हो म्हणाले. बाजारातून आणतो म्हणाले.

“बाजारातून नाही. तुम्ही करायचे. मी समोर बसून सांगीन.”

लाडू झाले. ते झाले म्हणायचं इतकंच. प्रकाशराव बेसन भाजत होते आणि सुमनताई खुर्चीवरून मंद, मंद, हलवत राहा, असं सांगत होत्या, आणि पाऊण तासानं प्रकाशरावांना कळलं की या कामाला मध्ये बसायची सोय नसते. मुन्शीला काही आठवत नव्हतं. पण वर्दीतल्या माणसाची माफी मागायला कुणी लाडू घेऊन येतं हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं, आणि तो हरखला. त्यानं एक लाडू टेबलावर आपटून पाहिला आणि बाकीचे आदरानं कपाटात ठेवले.

तीन महिन्यांनी निकाल लागला. रक्कम किती मिळाली ते सांगणार नाही, उज्जैनमध्ये आकडा फुटला की नातेवाईक वाढतात. निहारिकानं मात्र निकालाचं बारावं पान सुमनताईंना दोनदा वाचून दाखवलं. आवेदिका पूर्णकालिक गृहिणी है, तथा घर का समस्त कार्य वही करती थी, यह तथ्य साक्षी क्रमांक दो की स्वीकारोक्ति से, और उससे अधिक उसके अज्ञान से, प्रमाणित होता है. सुमनताईंनी त्या पानाची प्रत चौकटीत घालून दिवाणखान्यात लावली. जागा हवी म्हणून ‘आदर्श गृहस्थ’चं मानपत्र थोडं बाजूला सरकवलं. काढलं नाही. त्या तशा मोठ्या मनाच्या आहेत. पोतनीसांनीही शेवटी माफ केलं, पण अट घातली की पुढच्या स्मरणिकेत खुलासा छापू. प्रकाशरावांनी लेख लिहिला नाही. साक्षीची नक्कल तशीच पाठवली.

गेल्या महिन्यात एक सर्वेवाल्या बाई माहिती भरायला दारात आल्या. प्रकाशराव ओट्याशी होते. सुमनताईंनी बाईंना बसवलं. नाव झालं, वय झालं. आप क्या करती हैं, असं बाईंनी विचारताच आतून प्रकाशराव झारा हातात घेऊन धावत आले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. पूर्णकालिक गृहिणी लिहा म्हणाले. मग सकाळी सहापासून एकेक काम सांगू लागले. बाई म्हणाल्या, साहब, इतनी जगह नहीं है. प्रकाशराव म्हणाले, तर मग मागच्या बाजूला लिहा. शेवटी बाईंनी गृहिणी एवढंच लिहिलं, घाम पुसला, आणि पुढच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, और साहब क्या करते हैं?

प्रकाशरावांनी छाती फुगवली. निवृत्त बँक अधिकारी, लेखक, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि त्यांना आत पळावं लागलं.

सुमनताई बाईंकडे पाहून प्रसन्न हसल्या.

“कुछ नहीं,” त्या म्हणाल्या. “घर पर रहते हैं.”